पॅड बदलूनही ब्रेक का वाजतात?

प्रश्नकर्ते दापोली तालुक्यातील समुद्रालगतच्या गावात राहतात. त्यांची पेट्रोल हॅचबॅक सात वर्षांची असून ४८,००० किलोमीटर चालली आहे. पुढे डिस्क ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी (डिस्क) आणि तिला दोन्ही अंगांनी दाबणारे पॅड, आणि मागे ड्रम. मे महिन्यात पुढून चिरका आवाज येऊ लागला, म्हणून त्यांनी पुढचे पॅड बदलून घेतले आणि त्याच खेपेस पावसाळ्याची तयारी म्हणून गाडीला खालून ऑइल स्प्रेही मारून घेतला. आठ-दहा दिवस गाडी शांत चालली आणि मग तोच आवाज पुन्हा सुरू झाला: सकाळी जास्त, दुपारी कमी आणि बाजारातून हळू जाताना सर्वांत जास्त. आता मेकॅनिक म्हणतो की पॅडबरोबर दोन्ही डिस्कही बदलाव्या लागतील. हा खर्च करावा का, असे त्यांनी विचारले आहे.

करू नये, निदान मोजमाप केल्याशिवाय तरी करू नये. गेली सव्वीस वर्षे मी चिपळूणला ब्रेक आणि सस्पेन्शनचीच कामे करतो आहे. किनाऱ्यावरून येणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत माझा अनुभव असा की आवाजाची तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक गाड्यांना नवा भाग लागत नाही, तर जो भाग सरकायला हवा तो गंजामुळे सरकत नसतो. आपण दिलेल्या वर्णनावरून माझा पहिला संशय कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) पिना आणि पॅड ज्यात बसतात ते ब्रॅकेट यांवर आहे आणि दुसरा त्या ऑइल स्प्रेवर. दोन्ही गोष्टी चाक उतरवून अर्ध्या तासात पाहता येतात.

आधी आवाज निर्माण कसा होतो ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळले की पुढचे सगळे उपाय आपोआप उलगडतात. विहिरीवरचा रहाट कोरडा पडला की कुरकुरतो, कारण त्याचा कणा सलग फिरत नाही. तो अडतो, सुटतो, पुन्हा अडतो. पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये हेच अडणे-सुटणे सेकंदाला हजारो वेळा होते आणि डिस्क एखाद्या थाळीसारखी झणझणू लागते. रहाटाला तेल घालून गप्प करता येते. ब्रेकच्या घासणाऱ्या तोंडाला मात्र तेलाचा थेंबही लावता येत नाही, कारण घर्षण हेच त्याचे काम आहे. म्हणून कारखान्यातच पॅडच्या पाठीवर रबराचा थर असलेली पातळ पत्री, म्हणजे शिम, बसवतात, पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथे स्टीलच्या क्लिपा देतात आणि कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो त्यांना वंगण देतात. यांतली एक गोष्ट जरी बिघडली तरी पॅड मोकळा थरथरू लागतो किंवा डिस्कला चिकटून राहतो, आणि दोन्ही प्रकारांत आवाज येतो.

आवाज केव्हा येतो यावरून अर्धे निदान गाडीत बसूनच करता येते. रात्रभर पाऊस पडला, सकाळी गाडी काढली, पहिल्या पाच-सात ब्रेकना खरखर झाली आणि नंतर आवाज गेला, तर काहीही करू नये. डिस्क ओतीव लोखंडाची असते, तिच्यावर खाऱ्या दमट हवेत एका रात्रीत तांबूस थर चढतो आणि पॅड तो पुसून काढतात. आपला आवाज दुपारपर्यंत टिकतो, त्यामुळे तो या वर्गातला नाही. ब्रेक न दाबता गाडी चालताना सतत बारीक शिट्टी वाजत असेल आणि पेडलवर पाय ठेवल्यावर ती बंद होत असेल, तर पॅडवरची झीजदर्शक पट्टी डिस्कला लागू लागली आहे असे समजावे. घर्षणाचा थर दोन-तीन मिलीमीटर उरला की ती लागावी अशीच तिची रचना असते. आपले पॅड नवे असल्याने हेही कारण बाद होते. मात्र खडखडीत लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर येत असेल आणि ती पेडलमधून पायाला जाणवत असेल, तर गाडी तिथेच थांबवावी, कारण पॅडचा थर संपून त्याची पोलादी पाठ डिस्कला भिडलेली असते.

आणखी एक प्रकार आपल्याकडे वारंवार दिसतो आणि तो ब्रेकचा बिघाडच नसतो. कच्च्या रस्त्यावरून गाडी गेली की जांभ्याचा एखादा खडा डिस्क आणि तिच्यामागची पत्र्याची ताटली यांच्यामध्ये अडकतो आणि कानाचे पडदे फाटतील असा आवाज सुरू होतो. गाडी थोडी मागेपुढे केली की खडा बहुधा पडतो. नाही पडला तर चाक काढून ताटली स्क्रू ड्रायव्हरने केसभर बाहेर वाकवावी. गेल्या वर्षी अशाच एका गाडीचे मालक दुसरीकडून नवीन पॅडचे कोटेशन घेऊन माझ्याकडे आले होते. तो सुपारीएवढा खडा मी त्यांच्या हातावर ठेवला, त्याचे मी काय बिल करणार!

आता आपल्या गाडीकडे येतो. पॅड बदलल्यावर आठ-दहा दिवस शांतता आणि मग तोच आवाज, हा क्रम मी इतक्या वेळा पाहिला आहे की तो ऐकताच मी पिनांकडे हात घालतो. नव्या पॅडचा पृष्ठभाग अजून डिस्कशी पूर्ण जुळलेला नसतो, नव्या शिमचे रबर ताजे असते, त्यामुळे काही दिवस थरथर दबून राहते. पण मूळ दोष तसाच असल्याने पॅड बसला की आवाज परततो. घाईत पॅड बदलताना बहुतेक ठिकाणी कॅलिपरचा खालचा एकच बोल्ट सोडून कॅलिपर वर उचलतात, जुने पॅड काढतात, नवे सरकवतात आणि बोल्ट आवळतात. वरची पिन त्या कामात बाहेर येतच नाही. ती पाच वर्षे जागची हललेली नसते.

एक गाडी डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. गुहागरकडची, आपल्याच गाडीच्या वयाची, डाव्या पुढच्या चाकातून आवाज येणारी. कॅलिपर उतरवल्यावर खालची पिन बोटांनी सहज फिरली. वरची पिन मात्र पान्याने फिरवतानाही कुरकुरत होती आणि बाहेर आली तेव्हा तिच्यावरचे ग्रीस वाळून पानाच्या डब्यातल्या सुकलेल्या चुन्यासारखे झाले होते. पिनेच्या तोंडावरच्या रबरी बुटाला कोपऱ्यात बारीक चीर होती आणि तिथूनच खारे पाणी आत शिरत होते. पॅड बाहेर काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर एका पॅडचा थर वरच्या टोकाला सात आणि खालच्या टोकाला चार मिलीमीटर होता, म्हणजे पॅड पाचरीसारखा झिजला होता. पॅड अशा तिरप्या झिजेने झिजलेला दिसला, किंवा एकाच चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडमध्ये दोन मिलीमीटरहून जास्त फरक आढळला, तर समजावे की पिन किंवा पॅडला ढकलणारा कॅलिपरमधला पिस्टन अडकतो आहे आणि नुसते पॅड बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. आपले मे महिन्यात काढलेले जुने पॅड मेकॅनिककडे अजून असतील तर ते जरूर मागून घ्यावेत आणि पाहावेत. जुना पॅड खोटे बोलत नाही.

ब्रॅकेटची कथा याहून आपल्या किनाऱ्याची आहे. पॅडचे दोन कान ब्रॅकेटच्या खाचांत बसतात आणि खाचेवर स्टीलची पातळ क्लिप असते. क्लिप गंजत नाही, पण तिच्या खालचे ओतीव लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे क्लिपखाली पोपडे फुगतात, क्लिप आत ढकलली जाते आणि पॅडचा कान चिमटीत धरल्यासारखा अडकतो. मग पॅड हातोडीने ठोकून बसवतात. ठोकून बसवलेला पॅड ठोकल्याशिवाय मागे येणार नाही, हे उघड आहे. तो डिस्कला टेकूनच राहतो, तापतो, चकाकतो आणि वाजतो. क्लिपा उपटून काढाव्यात, खालचे पोपडे वायर ब्रशने आणि चपट्या कानशीने लोखंड लागेपर्यंत साफ करावेत आणि शक्यतो नव्या क्लिपा बसवाव्यात. पॅड बोटाच्या दाबाने सरकला पाहिजे आणि तरीही खडखडता कामा नये. पॅड सरकत नाही म्हणून पॅडचेच कान कानसून लहान करणारे लोक मी पाहिले आहेत. तो उपाय नव्हे, कारण गंज काही आठवड्यांत पुन्हा तेवढीच जागा खातो.

पिनांचे काम करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे वरची आणि खालची पिन एकमेकींच्या जागी घालू नये. काही गाड्यांत एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असतो आणि दुसरीला नसतो, आणि त्या अदलाबदल केल्या तर नव्या पॅडनेही आवाज येतो. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे ग्रीस. गॅरेजमध्ये डब्यात असलेले पिवळे किंवा काळे नेहमीचे ग्रीस इथे वापरू नये. ब्रेकमधले रबर खनिज तेलाने फुगते. बूट फुगतो, बुश फुगतो आणि चार महिन्यांत पिन पूर्वीपेक्षा घट्ट बसते. ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस छोट्या पाकिटात मिळते आणि एका पाकिटात दोन्ही पुढच्या चाकांचे काम होते. ते पिनेवर पातळ लावावे, भोकात ठासून भरू नये, कारण आत हवा कोंडली की पिन स्प्रिंगसारखी मागे ढकलली जाते. पॅडच्या पाठीवर शिम जिथे टेकते तिथे आणि कानांच्या टोकांना उष्णता सहन करणारे ब्रेकचेच ग्रीस बोटाने पुसल्याएवढे लावावे. घासणाऱ्या बाजूला बोटही लागू नये.

पिस्टनच्या बाबतीत एक छोटी परीक्षा करता येते. पॅड काढल्यावर पिस्टन हळूहळू मागे दाबावा. तो एका गतीने गेला तर ठीक, मध्येच अडला किंवा त्याच्या रबरी बुटाखालून पाणी अथवा गंज निघाला तर कॅलिपरचे रबरी किट बदलावे लागेल. पिस्टन मागे दाबताना बॉनेटखालच्या टाकीतील ब्रेक ऑइल वर येते आणि सांडू शकते. त्याला आपण ऑइल म्हणतो खरे, पण ते तेल नसून ग्लायकॉलवर आधारित द्रव आहे आणि तो गाडीचा रंग उतरवतो. सांडल्यास लगेच भरपूर पाणी ओतावे. कॅलिपर उतरवल्यावर तो होजपाइपवर लोंबकळत सोडू नये, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावा.

हे काम घरी करणार असाल तर जमीन सपाट आणि पक्की असावी, गाडी जॅकवर नव्हे तर लोखंडी स्टँडवर टेकवलेली असावी, आणि कृपा करून स्टँडऐवजी जांभ्याचा चिरा वापरू नये. चिरा भिंतीत पन्नास वर्षे टिकतो, पण गाडीचा भार एका टोकावर आला की तो पूर्वसूचना न देता फुटतो. चाकाला उटी लावायला मात्र चिरा चांगला.

ऑइल स्प्रेबद्दल माझे मत थोडे कडक आहे. मे महिन्याच्या शेवटी जळके इंजिन ऑइल आणि डिझेल यांचे मिश्रण गाडीखाली फवारण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. पत्रा गंजण्यापासून त्याने काही काळ बचाव होतो हे खरे, पण फवारणी करणारा मुलगा चाकांच्या आत डिस्क झाकून काम करत नाही. आपल्या गाडीचे पॅड त्याच दिवशी नवे बसले होते. पॅडने तेल शोषले असेल तर त्याची खूण अशी: गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते, घाटातून उतरल्यावर जळक्या तेलाचा वास येतो आणि पॅडच्या तोंडावर काळपट ओलसर चट्टे दिसतात. डिस्क ब्रेक क्लीनरने स्वच्छ होते. तेल प्यायलेला पॅड मात्र पेट्रोलने धुवून, उन्हात ठेवून किंवा ज्योतीवर भाजूनही पूर्ववत होत नाही. असे चट्टे दिसले तर दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदलावे लागतील, आणि पुढच्या वर्षी स्प्रे मारण्याआधी चारही चाकांच्या आत प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून घ्याव्यात. आवाज बंद करण्यासाठी डिस्कवर गंज सोडवणारा स्प्रे किंवा तेल मारण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, एवढे वेगळे सांगायला नको.

आता डिस्क बदलावी की नाही, हा मुख्य प्रश्न. डिस्कच्या टोपीवर किंवा कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. नवी डिस्क २२ मिलीमीटरची असेल तर हा आकडा साधारण २० च्या आसपास असतो. आपल्या डिस्कवर जो कोरलेला असेल तोच खरा मानावा. मोजताना एक फसगत होते. डिस्कच्या बाहेरच्या कडेला पॅड पोहोचत नाही, तिथे गंजाची उंच कड राहते, आणि व्हर्नियरचे, म्हणजे जाडी मोजण्याच्या मापकाचे, जबडे त्या कडेवर टेकले तर झिजलेली डिस्कही जाड दिसते. दोन सारखी नाणी डिस्कच्या दोन्ही अंगांना, पॅड जिथे घासतो तिथे धरावीत, नाण्यांसकट जाडी मोजावी आणि मग नाण्यांची जाडी वजा करावी. असे चार-पाच ठिकाणी मोजावे. आकडा मर्यादेच्या वर असेल, तडे नसतील आणि नखाला लागतील असे खोल चर नसतील, तर ४८,००० किलोमीटरला डिस्क फेकण्याचे काही कारण मला दिसत नाही. वरची गंजाची कड काढून, पृष्ठभाग जाड पॉलिश पेपरने गोलाकार घासून घेतला तरी पुष्कळदा भागते. हलके चर असतील तर लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग थोडा छिलून सपाट करून घ्यावे, परंतु फेसिंगनंतरही जाडी किमान आकड्याच्या वर उरायला हवी.

ब्रेक मारताना पेडल किंवा स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्क वाकली असे लगेच म्हटले जाते. आमच्या हवेत याचे कारण अनेकदा वेगळेच असते: हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो भाग) आणि डिस्क यांच्यामध्ये साचलेला गंज. नखाच्या जाडीहूनही कमी गंजाचा पापुद्रा हबवर राहिला तरी डिस्कच्या कडेला तो डगमग निर्माण करतो. नवी डिस्क त्याच गंजक्या हबवर बसवली तर नवी डिस्कही डगमगते आणि गिऱ्हाईक कंपनीला शिव्या घालते. हब लोखंड चमकेपर्यंत घासणे हे डिस्क बसवण्याच्या कामातले अर्धे काम आहे. चाकाचे नट फुलीच्या क्रमाने आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ताकदीनेच आवळावेत. एअर गनने एकेक नट पिळून बसवल्यानेही डिस्क तिरपी बसते.

मागच्या ड्रमबद्दल आपण काही लिहिलेले नाही, पण आवाज पुढूनच येतो याची खात्री करून घ्यावी, कारण बंद काचांच्या गाडीत बसून दिशा ओळखणे अवघड असते. कोणाला तरी भिंतीलगत रस्त्याच्या कडेला उभे करून दोन्ही बाजूंनी हळू गाडी न्यावी. ड्रममध्ये साचलेली भुकटी आणि ड्रमला आतून दाबणारे शूज मागच्या पत्र्याला जिथे टेकतात तिथले कोरडे ठिपके, ही तिथल्या आवाजाची नेहमीची कारणे. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरानंतर आम्ही किती ड्रम उघडले याची मोजदाद नाही. वाशिष्ठीचा गाळ ड्रमच्या आत विटेसारखा वाळून बसला होता आणि वरून धुतलेल्या गाड्या महिनाभराने वाजू लागल्या होत्या. ड्रम उघडल्यावर भुकटी हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. शूजवरच्या जुन्या लायनरमध्ये, म्हणजे घर्षणाच्या थरात, फुप्फुसांना घातक असा ॲस्बेस्टॉस असू शकतो. पावसाळ्यात गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, नाहीतर शू ड्रमला गंजाने चिकटतात. पहिला गिअर टाकून चाकाला उटी लावावी.

आपण कुंभार्ली किंवा आंबा घाटाने वारंवार ये-जा करत असाल तर एक भर घालतो. उतारावर पेडल सतत दाबून ठेवल्याने पॅडचे तोंड तापून काचेसारखे गुळगुळीत होते आणि त्यानंतर ते हलक्या ब्रेकलाही चिरकते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये उतरावे, ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून सोडावा. चकाकलेला पॅड पुरेसा जाड असेल तर १०० नंबरच्या पॉलिश पेपरवर, सपाट फरशीवर, तोंडाला मास्क लावून घासला की पुष्कळदा सुधारतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे; ते हवेतली ओल शोषते, आणि डॉट ४ दर्जाच्या द्रवाचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश असतो, तर ओल शोषल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश सेल्सिअसची आहे. याचा आवाजाशी थेट संबंध नाही, पण चाके उघडलेलीच आहेत तर हेही करून घ्यावे.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचे पेडल कडक होईपर्यंत दाबून घ्यावे; मागे ढकललेला पिस्टन पहिल्या दाबाला पॅडपर्यंत पोहोचत नाही आणि गॅरेजच्या दारातच गाडी भिंतीला लागल्याची उदाहरणे मला माहीत आहेत. नंतर मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १५ पर्यंत, गाडी पूर्ण न थांबवता, मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवावा, दोन ब्रेकच्या मध्ये अर्धा किलोमीटर मोकळे जाऊ द्यावे आणि शेवटी पाच-सात किलोमीटर ब्रेक जवळजवळ न वापरता चालवून डिस्क थंड होऊ द्यावी. त्यामुळे पॅडचा एकसारखा पातळ थर डिस्कवर बसतो. तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून गाडी उभी ठेवू नये आणि लगेच पाणीही मारू नये. गाडी हर्णैला किंवा मुरूडला पुळणीवर नेली असेल तर घरी आल्यावर, चाके निवल्यानंतर, गोड्या पाण्याने आतून धुवून किलोमीटरभर हलके ब्रेक मारत फिरवून आणावी.

मेकॅनिकला सांगताना एवढेच सांगावे की दोन्ही बाजूंच्या चारही पिना बाहेर काढून दाखवा, क्लिपांखालचे ब्रॅकेट साफ करा आणि डिस्कची मोजलेली जाडी व तिच्यावर कोरलेला आकडा एका कागदावर लिहून द्या. पिना साफ झाल्या, ब्रॅकेट साफ झाले, पॅडवर तेलाचे चट्टे नाहीत आणि तरीही दोन आठवड्यांनी दुपारच्या वेळी आवाज येत असेल, तर पॅडची जात बदलून पाहावी. धातूचे प्रमाण जास्त असलेले पॅड मुळातच जास्त बोलतात आणि गाडीच्या कंपनीने मूळ दिलेल्या प्रकारचे पॅड शिमसकट घेतले की बहुधा तेवढ्याने भागते. डिस्कचा विचार त्यानंतर, आणि तोही कागदावरचा आकडा पाहूनच करावा.